सही घरी येऊन करा

माझ्या मावसबहिणीच्या कपाटात एक निळी फाइल आहे. त्यात एका हॉलिडे क्लबचा पंचवीस वर्षांचा करार आहे. करार होऊन आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत ते कुटुंब त्या करारावर तीन वेळा फिरायला गेलं. वार्षिक शुल्काचं बिल मात्र आठही वर्षं आलं, आणि दर वेळी थोडं वाढून आलं.

"आमच्याशी कुणी खोटं बोललं असं नाही गं," ती मला म्हणाली. "आम्हीच काही विचारलं नाही. आणि घाईत सही केली."

तिचं ते बोलणं मनात राहिलं, म्हणून हे लिहिते आहे. टाइमशेअर ही वाईटच गोष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. काही घरांना ती चांगली लागू पडते. पण आपण काय घेतोय हे कळून घ्यावी. तुम्ही मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर लकी ड्रॉची चिठ्ठी भरली असेल, "तुम्हाला तीन दिवसांचा मुक्काम बक्षीस लागलाय" असा फोन आला असेल, येत्या रविवारी तुम्हा दोघांना एखाद्या हॉटेलात बोलावलं असेल, तर जाण्याआधी एवढं वाचून जा.

तुम्ही विकत काय घेता?

टाइमशेअर, व्हेकेशन ओनरशिप, हॉलिडे क्लबची मेंबरशिप. नावं वेगळी, गोष्ट साधारण एकच.

गावाकडे भाऊबंदांची सामाईक विहीर असते. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते. आज तुमचं पाणी, उद्या चुलत्याचं. टाइमशेअर तसंच आहे. रिसॉर्टमधली एक खोली, आणि तिच्यावर पुष्कळ कुटुंबांच्या पाळ्या. वर्षाचे बावन्न आठवडे. त्यातला एक आठवडा तुमचा.

ही कल्पना १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये, आल्प्सच्या डोंगरात सुरू झाली. पुढे ती अमेरिकेत पसरली. भारतात स्टर्लिंग ही कंपनी १९८६ मध्ये या धंद्यात आली, महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. त्यानंतर लहानमोठ्या पुष्कळ कंपन्या आल्या. काही टिकल्या, काही गाशा गुंडाळून गेल्या.

आता विहिरीत आणि टाइमशेअरमध्ये एक मोठा फरक आहे, तो नीट ध्यानात घ्या. विहिरीतला तुमचा हिस्सा सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. टाइमशेअरमध्ये तुमचं नाव सहसा कुठल्याही सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर येत नाही. आपल्याकडच्या आजच्या बहुतेक योजनांमध्ये तुम्हाला फक्त राहण्याचा हक्क मिळतो. वर्षाला अमुक रात्री, अमुक वर्षं. जमीन कंपनीची. इमारत कंपनीची. मुदत संपली की हक्क संपला.

म्हणून "ओनरशिप" हा शब्द ऐकून "आपलं गोव्यात घर झालं" असं समजू नका. तुम्ही घर घेत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांचा मुक्काम आज पैसे भरून ठेवता. एवढं मनात पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं होतं.

पैसे तीनदा जातात

हॉटेलात बोलावतात, तिथल्या हॉलमध्ये एकच आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात. खरे पैसे तीन वाटांनी जातात.

पहिली वाट, मेंबरशिपची रक्कम. ती एकदाच भरायची असते, किंवा हप्त्यांनी.

दुसरी वाट, वार्षिक शुल्क. याला मेंटेनन्स म्हणतात, ॲन्युअल फी म्हणतात, एएसएफ म्हणतात. हे दरवर्षी भरायचं असतं. अनेक करारांत तुम्ही फिरायला गेलात तरी ते लागतं आणि नाही गेलात तरी लागतं. वर जीएसटी. आणि ते दरवर्षी वाढू शकतं. थकलं तर व्याज लागतं आणि बुकिंग बंद होतं.

तिसरी वाट, प्रत्यक्ष सहलीचा खर्च. रेल्वेचं किंवा विमानाचं तिकीट, टॅक्सी, जेवण. खोली मिळते म्हणजे जेवण मिळतं असं नाही. पुष्कळ रिसॉर्ट गावापासून दूर, डोंगरावर असतात. जवळ खानावळ नसते. मग चौघांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण रिसॉर्टच्याच रेस्टॉरंटमध्ये, त्यांच्या दराने. हा खर्च खोलीच्या भाड्याइतका होऊ शकतो.

आता घरी बसून एक हिशेब करू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तुम्ही तुम्हाला सांगितलेले आकडे घालून करा.

समजा मेंबरशिप ४ लाख रुपयांची आहे. मुदत २५ वर्षं. वर्षाला ७ रात्री. वार्षिक शुल्क १८,००० रुपये.

४ लाख भागिले २५, म्हणजे वर्षाला १६,००० रुपये. त्यात १८,००० मिळवा. झाले ३४,०००. भागिले ७ रात्री. एका रात्रीला सुमारे ४,८५० रुपये पडले. हे जेवणाशिवाय आणि प्रवासाशिवाय.

पण तुम्हाला सातही रात्री वापरता आल्या नाहीत, चारच आल्या, तर? तेच ३४,००० भागिले ४. एक रात्र ८,५०० रुपयांना पडली. ज्या वर्षी गेलाच नाहीत, त्या वर्षीचं काय, ते तुम्हीच मोजा.

अजून एक हिशेब. तेच ४ लाख बँकेत मुदत ठेवीत ठेवले आणि साडेसहा टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला २६,००० रुपये येतात. त्यात वार्षिक शुल्काचे वाचलेले १८,००० मिळवा. दरवर्षी ४४,००० रुपये फिरायला हातात. व्याजावर कर लागला तर थोडे कमी. आणि पंचवीस वर्षांनी तुमचे ४ लाख जागेवर. खोलीचं भाडं तोवर वाढेल हे खरं. पण वार्षिक शुल्कही वाढेल. ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढलं, तर बारा वर्षांत दुप्पट होतं आणि चोवीस वर्षांत चौपट. आज १८,००० आहेत ते तेव्हा ७२,००० होतील. त्या वेळी तुम्ही पेन्शनवर असाल.

हप्त्यांचंही बघा. ४ लाख १५ टक्के व्याजाने चार वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ११,१०० रुपये येतो. एकूण भरता सुमारे ५ लाख ३४ हजार. सव्वा लाखाहून जास्त नुसतं व्याज. माझं स्पष्ट सांगणं आहे, कर्ज काढून घर घ्या, मुलांना शिकवा. कर्ज काढून पुढच्या पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकत घेऊ नका.

मे महिन्यात खोली मिळेल का?

पैशांनंतर दुसरी अडचण येते ती पाळीची. विहिरीचं पाणी सगळ्यांना उन्हाळ्यातच हवं असतं. तसंच इथे.

बहुतेक कंपन्या वर्षाचे भाग पाडतात आणि त्यांना रंगांची नावं देतात. जांभळा, लाल, पांढरा, निळा असे. जांभळा म्हणजे सगळ्यात गर्दीचे दिवस. त्याची मेंबरशिप सगळ्यात महाग. निळा म्हणजे ज्या दिवसांत फारसं कुणी जात नाही ते. तो स्वस्त. तुम्ही स्वस्त म्हणून पांढरा किंवा निळा घेतलात, आणि मुलं शाळेत आहेत, तर पंचाईत होते. शाळेला सुट्टी मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात. तुमचा हक्क जुलैतल्या पावसात.

आणि महाग रंग घेतला म्हणून खोली राखून ठेवलेली असते असंही नाही. "उपलब्ध असेल तर" हे तीन शब्द करारात बहुधा असतातच. दिवाळीत गोवा, मे महिन्यात मनाली, लागून सुट्टी आली की महाबळेश्वर. हे सगळ्या सभासदांना एकाच वेळी हवं असतं. बुकिंग काही महिने आधी उघडतं आणि चांगल्या तारखा लगेच भरतात. ज्यांना वर्षभर आधी सुट्टी ठरवता येते, त्यांना खोली मिळते. ज्यांची रजा आठ दिवस आधी मंजूर होते, त्यांना "सध्या उपलब्ध नाही" एवढंच दिसतं.

खोलीचा आकारही बघा. स्टुडिओ म्हणजे एकच खोली. दोन मोठी माणसं, दोन लहान मुलं. आपल्याकडे सहल निघाली की आजी-आजोबा असतात, आत्या असते, भाचा असतो. जास्तीच्या माणसांचे जास्तीचे पैसे. मुलंही आज सहा वर्षांची आहेत, दहा वर्षांनी ती मोठी माणसं म्हणून मोजली जातील.

परदेशातल्या रिसॉर्टचं चित्रही दाखवतात. ते अदलाबदलीने मिळतं. आरसीआय ही अमेरिकेत १९७४ मध्ये सुरू झालेली कंपनी अशी अदलाबदल करून देते. तुमचा आठवडा तुम्ही जमा करायचा, दुसरीकडचा मागायचा. सोय खरी आहे. पण तिची वेगळी फी असते, आणि जागा शिल्लक असेल तरच ती मिळते. विमानाचं तिकीट आणि व्हिसा तुमचाच.

कोणाला परवडतं, कोणाला नाही?

तुमच्या घरी गेली पाच वर्षं दरवर्षी न चुकता आठ दिवसांची सहल होत असेल. तुम्ही सहा महिने आधी तारखा ठरवू शकत असाल. रोख पैसे बाजूला असतील, ज्यांची पुढे गरज लागणार नाही. रिसॉर्टमध्ये राहणं तुम्हाला आवडत असेल. एकाच कंपनीच्या त्याच त्या जागा चालत असतील. मग तुम्ही विचार करायला हरकत नाही. अशी कुटुंबं मी पाहिली आहेत. ती खूश आहेत.

पण तुमची वर्षाची रजा गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जाण्यात संपत असेल, तर थांबा. मे महिना आजोळी जात असेल, तर थांबा. घरात आजारी म्हातारं माणूस असेल, मुलांची दहावी-बारावी तोंडावर असेल, नोकरी खासगी आणि रजा बेभरवशाची असेल, तरीही थांबा. हे दिवस वाईट आहेत असं नाही. पण या दिवसांत मेंबरशिप कपाटात पडून राहते आणि बिल येत राहतं.

"मेंबरशिप घेतली की आपोआप फिरणं होईल" असं पुष्कळ जणांना वाटतं. माझ्या मावसबहिणीलाही वाटलं होतं. तसं होत नाही. रजा, शाळा, आजारपण हे मेंबरशिपने बदलत नाही.

हॉलमध्ये काय होतं?

तुम्हाला जोडीनेच बोलावतात. एकटं आलेलं चालत नाही. कारण सही त्याच दिवशी हवी असते, आणि "घरी विचारून सांगतो" ही सबब उरू नये असं त्यांना वाटतं.

हॉलमध्ये मोठ्याने गाणी चाललेली असतात. छोटी छोटी टेबलं. एक हसतमुख मुलगा किंवा मुलगी तुमच्याशी तासभर गोड बोलते. तुम्ही गेल्या वर्षी कुठे गेलात, किती खर्च झाला, मुलांना काय आवडतं. मग तुमच्याच खर्चाचा आकडा पंचवीस वर्षांनी गुणून दाखवतात. मधेच कुणी मेंबर झालं की टाळ्या वाजतात. तुम्ही नाही म्हणालात की मॅनेजर येतो. किंमत एकदम खाली येते. पण "ही ऑफर फक्त आजची, या टेबलवरून उठेपर्यंतची."

समोरच्या मुलावर राग धरू नका. त्याला महिन्याचं टार्गेट असतं. त्याच्याशी सभ्यपणे बोला. चहा प्या. आणि हे एक वाक्य घरूनच ठरवून जा. "कागद आम्हाला द्या, घरी वाचू आणि मग सांगू."

कागद घरी द्यायला ते तयार नसतील, तर तेच तुमचं उत्तर समजा. जी वस्तू पंचवीस वर्षं चालायची आहे, ती एक रात्र थांबू शकत नाही का?

जाताना क्रेडिट कार्ड आणि चेकबुक घरी ठेवून जा. फोनवर आलेला ओटीपी तिथे कुणालाही सांगू नका. भेटीचं कूपन मिळालं तर मागच्या बाजूच्या अटी वाचा. बक्षिसाच्या मुक्कामात बहुतेक वेळा प्रवास आणि जेवण तुमचंच असतं, आणि सुट्टीचे दिवस वगळलेले असतात.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या

१. ही मेंबरशिप किती वर्षांची? मुदत संपल्यावर मला काय मिळेल?

२. वार्षिक शुल्क आज किती? गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती होतं? वाढीला काही मर्यादा करारात लिहिलेली आहे का?

३. आम्ही एखाद्या वर्षी गेलो नाही, तर त्या रात्री पुढे जमा होतात का? किती वर्षं?

४. माझ्या रंगात कोणते आठवडे येतात? मुलांच्या शाळेच्या सुट्टीच्या तारखा दाखवून विचारा.

५. बुकिंग किती दिवस आधी उघडतं? रद्द केलं तर रात्री कापल्या जातात का?

६. मेंबरशिप सोडायची झाली तर किती पैसे परत मिळतात? अनेक करारांत रकमेचा मोठा भाग प्रवेश शुल्क म्हणून दाखवतात आणि तो परत मिळत नाही.

७. माझ्यानंतर ती कोणाच्या नावावर होईल? त्याला किती फी? मुलांना नको असेल तर त्यांना ती सोडता येईल का?

८. सही केल्यावर विचार बदलला, तर किती दिवसांत पूर्ण पैसे परत?

उत्तर तोंडी घेऊ नका. करारातल्या कोणत्या पानावर ते आहे, तिथे बोट ठेवून दाखवायला सांगा. करारात बहुधा एक ओळ असते की तोंडी दिलेली आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत. म्हणजे हॉलमध्ये दोन तास जे ऐकलं, त्यातलं जे कागदावर नाही, ते तुमचं नाही.

आणि ती कंपनी रिसॉर्टची मालक आहे की भाड्याने घेऊन चालवते, हेही विचारा. भाडेकरार संपला की तो रिसॉर्ट यादीतून जाऊ शकतो. जमलं तर आधी पैसे देऊन एकदा साध्या ग्राहकासारखे तिथे दोन रात्री राहून या. तिथे भेटलेल्या जुन्या सभासदांना विचारा. तो चहाच्या कपावरचा अर्धा तास तुम्हाला हॉलमधल्या दोन तासांपेक्षा जास्त शिकवेल.

मुक्काम विकणारे आणि व्याज दाखवणारे

इथे मला सगळ्यात कळकळीने बोलायचं आहे.

कुणी म्हणालं, "हॉलिडे प्लॅन घ्या. राहायला नाही गेलात तर मुदतीनंतर पैसे वाढवून परत," तर तिथून उठा. तो मुक्काम नाही. ती मुक्कामाच्या नावाखाली घेतलेली ठेव आहे.

महाराष्ट्राने याची मोठी किंमत मोजली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीने हॉटेलच्या खोल्यांच्या रात्री विकायच्या योजना काढल्या. रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम मिळेल असं सांगितलं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली. सुमारे ५१ लाख लोकांचे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. मुंबईच्याच रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या टाइमशेअर योजनेवरही सेबीने २०१५ मध्ये असाच आदेश काढला होता.

आदेश निघाला म्हणजे पैसे हातात आले असं होत नाही. त्यानंतर लोक वर्षानुवर्षं फेऱ्या मारत राहिले. त्यात साधी नोकरदार माणसं होती, निवृत्त शिक्षक होते, घरकाम करून पैसे साठवणाऱ्या बाया होत्या. त्यांना पैसे भरायला सांगणारा एजंट बहुधा ओळखीचाच होता. शेजारचा, नात्यातला, गावचा.

म्हणून सरळ नियम करा. फिरायला पैसे घालायचे तर फिरण्यासाठीच घाला. साठवायचे तर बँकेत, पोस्टात साठवा. एकाच कागदावर दोन्ही गोष्टी दिसल्या की हात मागे घ्या. ओळखीच्या माणसाने आणला असला तरी घ्या. नातं त्याने टिकतं, बिघडत नाही.

सही झाली असेल तर

काल-परवाच सही केली असेल, तर आजच करार उघडा. अनेक कंपन्या विचार बदलायला काही दिवस देतात. कुठे दहा दिवस, कुठे कमी-जास्त. युरोपात कायद्यानेच चौदा दिवस दिलेले आहेत आणि त्या काळात आगाऊ पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. म्हणून तुमच्या करारात जे लिहिलंय तेच धरायचं. रद्द करायचं असेल तर फोनवर बोलत बसू नका. मुदतीच्या आत ईमेल करा आणि स्पीड पोस्टने पत्रही पाठवा. पावती जपून ठेवा. हप्ते फायनान्स कंपनीमार्फत बांधलेले असतील, तर तिलाही वेगळं पत्र द्या. मेंबरशिप रद्द झाली म्हणजे कर्ज आपोआप बंद झालं असं धरू नका.

जुनी मेंबरशिप असेल, तर ती वापरा. गेलेल्या पैशांचं दुःख करत बसू नका. वर्षाच्या सुरुवातीला, शाळेचं कॅलेंडर हातात आलं की त्याच दिवशी बुकिंगला बसा. गर्दीच्या जागी मिळत नसेल तर जवळची, कमी नावाजलेली जागा बघा. किती रात्री शिल्लक आहेत आणि त्या कधी बाद होतात, हे वहीत लिहून ठेवा. घरातल्या दोन माणसांना तरी ही माहिती असू द्या.

ती विकायची असेल, तर आधीच सांगते, भरलेली रक्कम परत मिळेल ही आशा ठेवू नका. जुन्या मेंबरशिपला गिऱ्हाईक कमी असतं. आणि नेमका याच वेळी एक फोन येतो. "तुमच्या मेंबरशिपला चांगलं गिऱ्हाईक आहे. फक्त जीएसटीचे आणि एनओसीचे पंचवीस हजार आधी भरा." हा फोन ठेवून द्या. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा व्यवहार कुठेच नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकं बरं.

कंपनीने सांगितलेलं दिलं नसेल, तर गप्प बसू नका. आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस चेन्नईला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. करारात लवादाचं कलम असलं, तरी आयोगाची वाट बंद होत नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. पावत्या, ईमेल, बुकिंग नाकारल्याचे स्क्रीनशॉट, सगळं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांसाठी दोन शब्द. तिकडेही असे हॉल असतात. फ्लोरिडात डिस्नेची स्वस्त तिकिटं देऊन लोकांना बोलावतात. सही झालीच तर तिकडच्या राज्यांच्या कायद्याने ती मागे घेता येते. फ्लोरिडात दहा दिवसांत, कॅलिफोर्नियात सात, नेवाडात पाच. मुलांना संकोच न करता त्याच दिवशी सांगा. लपवू नका.

शेवटी एवढंच मागते. फिरा, जरूर फिरा. मुलांना समुद्र दाखवा, हिमालय दाखवा. पण पंचवीस वर्षांचा निर्णय गाण्यांच्या आवाजात, अनोळखी टेबलावर घेऊ नका. कागद घरी आणा. जेवणं झाल्यावर दोघं बसा, मोठ्या मुलांनाही बसवा. प्रत्येक पान वाचा, हिशेब वहीत मांडा. त्यावर एक रात्र झोपा. सकाळीही ते योग्य वाटलं, तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या पेनाने सही करा. आणि वाटलं नाही, तर तेच पैसे बँकेत ठेवून येत्या मे महिन्यात मुलांना कुठे न्यायचं, ते ठरवायला घ्या.